परसमाजातील बालसंगोपनाचा अभ्यास : संशोधनपद्धतींचे मूल्यमापन

मूल कसे वाढवावे याविषयी प्रत्येक समाजाची काही मते ठरलेली असतात. परंतु त्या समाजात वाढलेल्या व्यक्तीला ती मते न वाटता निसर्गनियम वाटतात. तान्हे मूल रडताच उचलून घ्यावे की काही वेळ रडू द्यावे, त्याच्याशी बोलावे की बोलू नये, त्याचे कौतुक त्याच्यादेखत करावे की टाळावे, या प्रश्नांची उत्तरे माणसाला प्रश्न पडण्यापूर्वीच मिळालेली असतात. संशोधक या नियमाला अपवाद नसतो. यामुळे परसमाजातील बालसंगोपनाच्या अभ्यासात पद्धतीचा प्रश्न विशेष बिकट होऊन बसतो. शिवाय येथे घडणारी चूक ग्रंथापुरती मर्यादित राहत नाही. ‘माया कमी’, ‘अधिकारशाही वृत्ती’, ‘असुरक्षित भावबंध’ असे शेरे एकदा शास्त्रीय परिभाषेत रूढ झाले म्हणजे ते संबंध समाजातील मातांना चिकटतात आणि त्यांच्या आधारे उपदेशाचे व सुधारणेचे उपक्रम आखले जातात.

या क्षेत्रात गेल्या शतकात मुख्यतः पाच पद्धती वापरल्या गेल्या. त्यांचे मूल्यमापन करताना प्रत्येकीला तीन प्रश्न विचारणे इष्ट होय. तुलनेचे एकक कोणते? मोजलेल्या वर्तनाचा अर्थ दोन्ही समाजांत एकच आहे हे कशावरून? आणि संशोधकाचे मूळ गृहीत चुकीचे असल्यास ते उघडकीस येण्यास त्या पद्धतीत वाव आहे काय? यांपैकी तिसरा प्रश्न निर्णायक आहे, असे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

१. लिखित वृत्तान्तांची तुलना

जॉन व्हाइटिंग व अर्विन चाइल्ड यांचा ‘चाइल्ड ट्रेनिंग अँड पर्सनॅलिटी’ हा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. मानवशास्त्रज्ञांनी पूर्वी लिहून ठेवलेल्या वृत्तान्तांवरून त्यांनी ७५ समाजांतील संगोपनाचे गुणांकन करविले. दूध तोडणे, मलमूत्रविसर्जनाच्या सवयी, लैंगिक वर्तन, परावलंबन व आक्रमकता या विषयांत मुलांना किती कठोरपणे वळण लावले जाते हे अंकांत मांडून, त्या समाजात आजाराची कोणती कारणे सांगितली जातात याच्याशी त्यांनी त्याचा संबंध तपासला. विशिष्ट सिद्धान्त मोठ्या संख्येच्या कसोटीला लावण्याचे धैर्य हा या पद्धतीचा गुण होय. सिद्धान्त खोटा ठरण्याची शक्यता तीत निश्चित आहे.

तथापि तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. मूळ वृत्तान्त बहुधा नातेसंबंध, विधी किंवा अर्थव्यवहार यांच्या शोधात लिहिलेले असतात आणि मुलांविषयीची माहिती त्यांत ओघाने आलेली असते. तुलनेचे एकक संपूर्ण समाज हे असल्यामुळे एकाच गावातील दोन घरांमधील भेद त्यात लोप पावतो. यांखेरीज एक जुना आक्षेप येथे लागू पडतो. एडवर्ड टायलर यांनी विवाह व वंश यांविषयीच्या संस्थांचा सांख्यिकी अभ्यास मांडला, त्या १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधावरील चर्चेत फ्रान्सिस गॉल्टन यांनी विचारले होते की, शेजारच्या समाजांनी एकमेकांपासून प्रथा उचलल्या असतील तर त्यांना स्वतंत्र उदाहरणे कसे मानावे? संख्या मोठी असली तरी पुरावे तितके स्वतंत्र असतातच असे नाही.

२. मातांच्या मुलाखती

जुन्या वृत्तान्तांचे हे दोष ओळखूनच १९५४ च्या सुमारास ‘सहा संस्कृतीं’चा प्रकल्प हाती घेण्यात आला. ओकिनावातील ताइरा, फिलिपाइन्समधील तारोंग, मेक्सिकोतील हुश्तलावाका, केन्यातील न्यानसोंगो, अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधील एक नगर आणि उत्तर प्रदेशातील खालापूर येथे समान आराखड्यानुसार क्षेत्रकार्य झाले. खालापूर हे संशोधकांनी योजलेले टोपणनाव असून रायगड जिल्ह्यातील त्याच नावाच्या गावाशी त्याचा संबंध नाही. तेथील राजपूत कुटुंबांचा अभ्यास ली मिंटर्न व जॉन हिचकॉक यांनी केला. सहाही समाजांची वर्णने बिअट्रिस व्हाइटिंग यांनी १९६३ मध्ये संपादित केली. मातांच्या मुलाखतींचे विश्लेषण मिंटर्न व विल्यम लँबर्ट यांनी १९६४ मध्ये स्वतंत्र ग्रंथात मांडले.

या विश्लेषणाचा एक निष्कर्ष पद्धतीच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. मातेचे वागणे तिच्या संगोपनविषयक मतांवरून जितके ठरते, त्याहून अधिक ते घरात माणसे किती, मदतीला कोण आणि कामाचा बोजा केवढा यांवरून ठरते, असे आढळून आले. समाजासमाजांतील भेदांइतकेच एका समाजाच्या अंतर्गत भेदही विचारात घ्यावे लागतात, हेही स्पष्ट झाले. संशोधकांना अपेक्षित नसलेले उत्तर पुराव्याने दिले, आणि ते देऊ शकेल अशी व्यवस्था अभ्यासाच्या आराखड्यात होती.

मुलाखतीचे दोष मात्र विसरता येत नाहीत. माता जे सांगते ते तिच्या कृतीचे वर्णन असेल, तिच्या आदर्शाचे असेल, किंवा ऐकणाऱ्यांना रुचेल असेही असेल. पडदा पाळणाऱ्या स्त्रिया सासू-जावांसह एकाच अंगणात राहत असतील, तर सुनेचे उत्तर केवळ पाहुण्या संशोधिकेला दिलेले नसते. ते अंगणालाही दिलेले असते.

याहून सूक्ष्म अडचण भाषेची आहे. इंग्रजी प्रश्नावलीतील ‘डिसिप्लिन’ या शब्दासाठी मराठीत ‘शिस्त’ हा शब्द योजता येतो. परंतु मराठी घरांतील व्यवहाराचा शब्द ‘वळण’ हा आहे. शिस्तीत आज्ञा व शिक्षा यांचा ध्वनी आहे, तर वळणात नित्याचा सहवास, अनुकरण व घराण्याची रीत यांचा. ‘लाड’ या शब्दात माया व अतिरेक दोन्ही एकत्र नांदतात. भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करवून तपासण्याची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये व्यवस्थितपणे मांडली. ती उपयुक्त आहे. मात्र तीमुळे शब्दांची समानता पडताळली जाते, अर्थविश्वाची नाही. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये हेच दाखवून दिले. अमेरिकी श्रेणींनुसार चिनी वंशाच्या माता ‘अधिकारशाही’ गटात पडत. परंतु चिनी भाषेतील ‘ग्वान’ या शब्दात नियंत्रण आणि काळजी हे दोन्ही अर्थ अभिन्न आहेत. एका समाजात वैराशी जोडलेले नियंत्रण दुसऱ्या समाजात ममतेचे अंग असू शकते.

३. प्रत्यक्ष निरीक्षण

सांगणे व करणे यांतील अंतर टाळण्याचा उपाय म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षण. ‘सहा संस्कृतीं’च्या प्रकल्पात तीन ते अकरा वर्षे वयाच्या १३४ मुलांची पाच-पाच मिनिटांची निरीक्षणे वेगवेगळ्या प्रसंगी नोंदविण्यात आली आणि त्यांतील कृतींचे बारा वर्गांत विभाजन करण्यात आले. त्यांवरील ग्रंथ १९७५ मध्ये निघाला. मुलाचे वर्तन त्याच्यासमोर कोण आहे यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्या मुलांत साहाय्य व जबाबदारी यांची वृत्ती अधिक दिसते. म्हणजे ‘या समाजातील मुले प्रेमळ असतात’ या विधानाऐवजी ‘या समाजात मुलांना तान्ह्यांचा सहवास अधिक लाभतो’ हे अधिक नेमके विधान शक्य झाले.

निरीक्षण हे निखळ वस्तुनिष्ठ असते असा मात्र समज करून घेऊ नये. वरील बारा वर्गांत खेळीमेळीतील झोंबाझोंबी आणि खरी मारहाण हे दोन वेगळे वर्ग होते. या दोहोंतील सीमारेषा घड्याळाने ठरत नाही; ती त्या गावातील माणसालाच कळते. छायाचित्रणाचीही हीच स्थिती. ग्रेगरी बेटसन व मार्गारेट मीड यांनी बाली बेटावर सुमारे २५,००० छायाचित्रे घेतली आणि १९४२ च्या ग्रंथात त्यांतील ७५९ छापली. चित्रे उपलब्ध असल्यामुळे इतरांना तीच सामग्री पुन्हा तपासता येते, हा मोठाच लाभ. परंतु कॅमेरा केव्हा रोखावा आणि ७५९ चित्रे कोणती निवडावीत, हे निर्णय संशोधकांचेच होते.

४. प्रमाणित कसोट्यांचे स्थलांतर

मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात २६ कुटुंबांना वारंवार भेटी देऊन बालक व माता यांमधील भावबंधाचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे घरोघरी वर्षभर केलेल्या निरीक्षणांच्या जोडीला त्यांनी सुमारे वीस मिनिटांची एक कसोटी योजली. अपरिचित खोलीत आई थोडा वेळ बाहेर जाते व परत येते. तिच्या पुनरागमनाला मूल कसा प्रतिसाद देते यावरून त्याचा भावबंध सुरक्षित, टाळाटाळीचा किंवा विरोधयुक्त ठरविला जातो. बाल्टिमोरमध्ये या कसोटीचा अर्थ घरातील निरीक्षणांनी पडताळलेला होता. पुढे कसोटी जगभर गेली. ती पडताळणी मात्र प्रत्येक ठिकाणी बरोबर गेली नाही.

परिणाम बोधप्रद आहेत. जर्मनीतील बीलेफेल्ड येथे जवळजवळ निम्मी मुले ‘टाळाटाळी’च्या गटात आली. तेथील संशोधकांच्या हाताशी घरी जाऊन केलेली निरीक्षणे असल्यामुळे, लवकर स्वावलंबी व्हावे या मातांच्या अपेक्षेशी हे वर्तन निगडित आहे असा अन्वय त्यांना लावता आला. जपानमधील साप्पोरो येथे विरोधयुक्त गटाचे प्रमाण मोठे निघाले. आईपासून क्वचितच दूर होणाऱ्या बालकाला ती खोली किंचित नव्हे, तर अतिशय भयप्रद वाटते; म्हणजे बाह्यतः तीच असलेली परिस्थिती मुलाच्या दृष्टीने ती नव्हेच. फान आय्झेन्डोर्न व क्रोनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा देशांतर्गत भेद देशादेशांतील भेदांच्या सुमारे दीडपट आढळले. एका शहरातील एका नमुन्यावरून ‘जपानी माता’ किंवा ‘जर्मन माता’ यांविषयी विधान करणे किती धोक्याचे आहे हे यावरून ध्यानात येते.

५. दीर्घ सहवास व पुनर्भेट

वर्तनाचा अर्थ कळण्यास सहवासावाचून गत्यंतर नाही. मार्गारेट ट्रॉविक यांनी तमिळ कुटुंबात राहून लिहिलेल्या १९९० च्या ग्रंथात दाखविले आहे की, तेथे प्रेम झाकून ठेवणे हेच प्रेमाचे एक रूप आहे. मातेने मुलाकडे कौतुकाने टक लावून पाहू नये असे मानले जाते. दृष्ट लागेल म्हणून मुलाची उघड स्तुती टाळणे आणि गालावर तीट लावणे महाराष्ट्रातही परिचित आहे. उघड कौतुक मोजणाऱ्या मापनश्रेणीवर या माता उणे ठरतील, आणि ते मापन आकड्यांच्या दृष्टीने निर्दोष असूनही असत्य असेल.

गुसी लोकांविषयीचे रॉबर्ट लव्हाइन यांचे कार्य या दृष्टीने अनुकरणीय होय. १९५५-५७ मध्ये न्यानसोंगो येथे काम केल्यावर ते १९७४-७६ मध्ये सहकाऱ्यांसह गुसी प्रदेशात परतले. गुसी माता तान्ह्याशी फारसे बोलत नाहीत, नजरानजर टाळतात. परंतु ते रडताच त्याला तत्परतेने शांत करतात. अमेरिकी मापाने हे उत्तेजनाचे दारिद्र्य ठरले असते. लव्हाइन यांनी १९९४ च्या ग्रंथात त्याचा वेगळा उलगडा केला : जेथे अर्भकमृत्यूचे भय मोठे, तेथे मूल जगविणे व शांत ठेवणे हे पहिले उद्दिष्ट असते, तर अमेरिकी मध्यमवर्गीय माता पहिल्यापासून शिक्षिकेची भूमिका घेते. पुनर्भेटीचा आणखी एक लाभ म्हणजे समाज गोठलेला नसतो हे उमगते. मिंटर्न १९७० च्या दशकात खालापूरला पुन्हा गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या जीवनातील बदलांवर त्यांनी १९९३ मध्ये ग्रंथ लिहिला. मात्र सहवासाच्या पद्धतीत संशोधकाच्या व्यक्तित्वाचा रंग उतरतो आणि दुसऱ्याला ते काम तसेच करून पाहता येत नाही, ही तिची उणीव मान्य करावी लागते.

समारोप

यावरून कोणती एक पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न सदोष असल्याचे दिसून येईल. वृत्तान्तांची तुलना व्याप्ती देते, मुलाखत मातेचा हेतू सांगते, निरीक्षण कृती दाखविते, कसोटी समान परिस्थिती निर्माण करण्याचा प्रयत्न करते आणि सहवास अर्थ उलगडतो. जेथे दोन पद्धतींचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत तेथे एक निष्कर्ष टाकून देण्याची घाई करू नये, कारण संशोधकाचे अव्यक्त गृहीत बहुधा त्याच जागी दडलेले असते. बीलेफेल्डमधील कसोटीला घरातील निरीक्षणांची आणि न्यानसोंगोतील नोंदींना दीर्घ परिचयाची जोड नसती, तर दोन्ही ठिकाणी मातांच्या पदरी केवळ दोष पडला असता.

पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय निवडणाऱ्याने म्हणून प्रथम एक कसोटी लावावी. अभ्यासाचा आराखडा असा आहे काय की, त्यात भेटणारी माता संशोधकाची समजूत खोटी ठरवू शकेल? प्रश्नावलीत तिच्या उत्तराला जागा नसेल, निरीक्षणाच्या वर्गांत तिच्या कृतीचे नाव नसेल, आणि मुलाला खरोखर सांभाळणारी आजी किंवा थोरली बहीण नमुन्यातच नसेल, तर नमुना कितीही मोठा असला तरी हाती आलेले ज्ञान त्या समाजाविषयीचे नसून संशोधकाच्या स्वतःच्या समाजाविषयीचेच राहील.