फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो?

मलावीत डिसेंबर ते मार्च हे भुकेचे महिने. शेतात मका हिरवागार, घरातली कणगी मात्र रिकामी. अशा घरांना सरकारने दरमहा थोडी रोख द्यावी म्हटलं, की ठरलेले आक्षेप येतात.

‘लोक काम सोडतील.’ मलावीची योजना 2006 मध्ये म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली. त्यात निवडतात ती अतिगरीब आणि शिवाय कमावते हात नसलेली किंवा पुरेसे नसलेली घरं. अनेक घरांत एड्सने मधली पिढी नेली, मागे आजी आणि नातवंडं उरली. आपल्या रोजगार हमीला राबणारे हात लागतात. इथे तेच नाहीत किंवा अपुरे आहेत. आळस करायचा कोणी?

धडधाकट माणसांचं काय? मलावीत दुसऱ्याच्या शेतावरच्या रोजंदारीला ‘गान्यू’ म्हणतात. भूक लागली की बाई शेजाऱ्याचं शेत खुरपायला जाते, नेमकं तेव्हाच तिच्या स्वतःच्या मक्यात तण माजतं. पीक घटतं, पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर रिकामी होते आणि पुन्हा गान्यू. झांबियात 2010 पासून कलाबो, शांगोम्बो आणि कापुटा या जिल्ह्यांत लहान मुलं असलेल्या घरांना रोख मिळू लागली. तिथल्या अभ्यासात दिसलं, की लोक परक्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या रानात जास्त राबू लागले. बियाणं, खत, कोंबड्या, शेळ्या यांवर खर्च वाढला. काम सुटलं नाही, मालक बदलला.

‘सगळं दारूत जातं.’ डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी 2014 मध्ये जगभरचे 19 अभ्यास एकत्र तपासले. रोख मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत असल्याचं त्यातून दिसलं नाही.

‘पैशासाठी मुलं वाढवतील.’ झांबियात तेही झालं नाही. मुलं दोन असोत की सहा, घराला रक्कम तेवढीच. मग हिशेब जुळणार कसा?

‘महागाई वाढेल.’ ही शंका मात्र मी उडवून लावणार नाही. लेसोथोतल्या बाल अनुदान योजनेबाबत अर्थतज्ज्ञांनी अंदाज काढला, की वाटलेल्या एका लोतीमागे (लोती हे तिथलं चलन) गावच्या उत्पन्नात 2.23 लोतींची भर पडते. दुकानदार, कोंबडीवाला, मजूर सगळ्यांना वाटा मिळतो. पण मालाचा पुरवठा वाढला नाही, तर भाव चढतात आणि खरी भर 1.36 वर येते. म्हणजे रोखीबरोबर रस्ता, बाजार आणि बियाणंही गावापर्यंत पोचायला हवं.

मला खरी अडचण वेगळीच वाटते: हप्त्यांची अनियमितता. झांबियात 2018 मध्ये रोख योजनेच्या निधीच्या गैरवापराच्या आरोपांनंतर देणगीदार देशांनी पैसे रोखून धरले होते. तिथे मक्याची पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. तेव्हाचा हप्ता फेब्रुवारीत हाती आला, तर त्यातून बियाणं येत नाही, फक्त पीठ येतं.