आयर्लंडची शेगडी आणि दलदल

आयर्लंडच्या मध्य व पश्चिम भागांतील खेड्यांत घरची शेगडी पिढ्यान्‌पिढ्या ‘टर्फ’ नावाच्या इंधनावर पेटत आली आहे. हे लाकूड नव्हे, दगडी कोळसाही नव्हे. पाण्याने भरलेल्या दलदलीत शेवाळ मरून पडते, परंतु हवेअभावी ते पुरते कुजत नाही. थरावर थर साचत जातो. हा थर वर्षाकाठी सुमारे १ मिलिमीटर वाढतो. मीटरभर खोल खणणारा मनुष्य म्हणजे हजार वर्षांचा साठा उचलीत असतो! ‘स्लेन’ नावाच्या खास फावड्याने विटांसारखे तुकडे कापावेत, काही एकमेकांस टेकवून वाऱ्यावर वाळवावेत व हिवाळ्यापूर्वी घरी न्यावेत, अशी तेथील रीत. गोवऱ्या थापून रचणाऱ्या आपल्या भगिनींस ती परकी वाटू नये.

हवा नसल्याने दलदल बरेच काही जपते. २००६ साली टिपररी परगण्यात अशाच खोदकामात इ. स. ८०० च्या सुमाराचे लॅटिन स्तोत्रांचे हस्तलिखित हाती आले. मात्र पाणी उपसले की हे जपणे संपते. उंचवट्याची दलदल पाण्याने फुगलेल्या घुमटासारखी असते. कडेला चर खणला तर मध्यभागही खचतो, सुकतो, आणि साठलेला कार्बन हवेत जातो. जगाच्या भूभागापैकी अवघी ३ टक्के भूमी अशी असून तिच्यात सर्व वनांहून अधिक कार्बन आहे. म्हणूनच ‘माझ्या एका चराने काय बिघडते?’ हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. शिवाय आज बहुतेक ठिकाणी स्लेनऐवजी यंत्र कापते, हेही परंपरेच्या कैवाऱ्यांनी मान्य करावे.

१९९२ च्या युरोपीय निर्देशानुसार ५३ उंच दलदली संरक्षित ठरल्या. घरगुती कापणीस १९९९ साली दहा वर्षांची सवलत मिळाली. ती संपताच बंदी आली. हक्कदारांस १५ वर्षे दरसाल १,५०० युरो किंवा दुसऱ्या दलदलीत जागा देऊ केली गेली. कित्येकांनी ती स्वीकारली, काहींनी कापणे चालूच ठेवले. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने आयर्लंडला न्यायालयात खेचले.

आमच्या मते बंदी योग्य होती. क्रम मात्र अन्यायाचा होता. ‘बोर्ड ना मोना’ ही सरकारी कंपनी १९४६ पासून अफाट प्रमाणावर दलदली उपशीत होती. तिने ते काम कायमचे थांबविल्याचे जाहीर केले २०२१ साली, म्हणजे त्या लहान हक्कदारांवर बंदी आल्यानंतर कित्येक वर्षांनी. आज तीच कंपनी चर बुजवून दलदलींत पुन्हा पाणी मुरवीत आहे, हे खरे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख व गरिबांचे दुःख वेगळे मानलेले नाही; शासनाने ते तेवढ्या काळजीने एकत्र पाहिले असते तर कटुता कमी झाली असती.

२०२२ च्या नियमांनी दुकानांतून व जाहिरातींतून होणारी टर्फची विक्री बंद केली, पण संरक्षित क्षेत्राबाहेर हक्कदारास स्वतःपुरते कापण्याची मुभा ठेवली. ही तडजोड आम्हांस समंजस वाटते. तथापि ज्या वृद्धांच्या घरी एकाच शेगडीवर खोलीही ऊबदार राहते व पाणीही तापते, तेथे दुसरी सोय बसविण्याचा खर्च कोणी सोसावा, हे आधी ठरावयास हवे.