लांबचं केंद्र

बोरिवलीचा मुलगा गोळ्यांसाठी दादरला गाडी बदलून भायखळ्याला उतरतो आणि मुलुंडची मुलगी उलट्या दिशेने पश्चिम उपनगरात जाते. घराजवळच्या सरकारी केंद्रात तीच बाटली मिळते, तीही फुकट. पण तिथे केसपेपरच्या रांगेत शेजारच्या काकू भेटतात. मुंबईच्या उपनगरांत एचआयव्हीसह वाढलेल्या तरुण मुलामुलींच्या गेल्या वीसेक वर्षांचा मागोवा घ्यायचा तर मला तो या प्रवासापासूनच घ्यावासा वाटतो. या काळात औषध घराजवळ आलं आणि मुलं घरापासून लांब जाऊ लागली.

त्याआधीची दहा-पंधरा वर्षं भीतीची होती. 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तपासायला घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांत हा विषाणू भारतात पहिल्यांदा सापडला. 1989 साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, त्याला लागण झाल्याचं रक्तदानातून कळल्यावर, पोलिसांनी उचललं आणि 64 दिवस डांबून ठेवलं. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाचे दरवाजे ठोठावले. न्यायालयाने कोंडून ठेवण्याची तरतूद असलेला कायदाच उचलून धरला. 1992 साली डॉमिनिक गेला. पुढे 1997 मध्ये याच उच्च न्यायालयाने वेगळा निकाल दिला. काम करायला धडधाकट असूनही केवळ एचआयव्ही आहे म्हणून एका रोजंदारी कामगाराला सार्वजनिक उपक्रमाने नोकरीत घेतलं नव्हतं. हे घटनाबाह्य आहे, असं न्यायालयाने ठरवलं. तो कामगार न्यायालयाच्या कागदोपत्री ‘एमएक्स’ या दोन अक्षरांनीच वावरला. जिंकला, पण नाव झाकून. ती दोन अक्षरं मला पुढच्या सगळ्या गोष्टीत दिसत राहतात.

औषधाची गोष्ट मुंबईचीच आहे आणि थोडी विचित्रही. 2001 च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स 350 डॉलरला देऊ केला. तोवर परदेशी कंपन्यांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. आफ्रिकेतल्या लाखो लोकांचा जीव वाचवणारी ही किंमत मुंबईतल्या एका कंपनीने जाहीर केली आणि त्याच मुंबईत सरकारी रुग्णालयात हे औषध मोफत मिळायला आणखी तीन वर्षं लागली. 1 एप्रिल 2004 ला देशातल्या मोजक्या रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारी ही उपचारपद्धती, सुरू झाली. मुंबईत ती जे. जे. रुग्णालयात.

तेव्हा उपनगरातून जे. जे. गाठणं ही निवड नव्हती, नाइलाज होता. आणि गाठलं तरी गोळ्या मिळतीलच असं नव्हतं. रोगप्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी-फोर पेशी 200 च्या खाली गेल्याशिवाय साधारणपणे उपचार सुरू होत नसत. अंगात बळ असलेल्या विशीतल्या मुलाला सांगितलं जाई, अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी परत तपासू. म्हणजे आधी आजारी पड, मग ये. ही मर्यादा पुढे 350 वर आली, मग 500 वर, आणि 2017 मध्ये ती काढूनच टाकली. तपासणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू. वाचायला ही एक ओळ आहे. या मधल्या तेरा वर्षांत टीबीने किती तरुण उचलले असतील, याचा विचार माझ्याच्याने पुरा होत नाही. एचआयव्ही असलेल्यांचा सगळ्यात मोठा काळ आजही टीबी आहे, आणि मुंबईत टीबीला जागा शोधत जावं लागत नाही.

पहिल्या गोळ्यांनी जीव वाचवला, पण चेहरा दिला. स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध दीर्घकाळ घेतलेल्यांचे गाल आत बसत, हातापायांवरची चरबी झडे, शिरा वर येत. ज्यांना ठाऊक होतं त्यांना हा चेहरा लोकलमध्येही ओळखू येई. रिपोर्ट कपाटात लपवता येतो. गाल कुठे लपवणार? नंतर आलेल्या एफाव्हिरेन्झने रात्री भलभलती स्वप्नं पडत, सकाळी डोकं गरगरे. कॉल सेंटरची रात्रपाळी करणाऱ्याने ही गोळी ‘झोपताना’ घ्यायची म्हणजे नेमकी कधी?

2006 च्या अखेरीस मुलांसाठी खास औषधं सरकारी कार्यक्रमात आली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात लहानग्यांसाठी मोठं काम उभं राहिलं. आईकडून विषाणू घेऊन जन्मलेली ही मुलं. कितीतरी जणांचे आईवडील औषध यायच्या आधीच गेलेले, म्हणून रुग्णालयात बोट धरून आणणारी आजी, मामा किंवा मावशी. मूल विचारी, या गोळ्या कसल्या? उत्तरं ठरलेली: ताकदीच्या, रक्त वाढायच्या, टीबीच्या. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. पोर शाळेत बोललं तर खोली सोडावी लागेल, हे तिचं गणित पक्कं होतं. मुलांना शाळकरी वयातच, बेताबेताने, खरं सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली लिहून ठेवलं. प्रत्यक्षात अनेकांना ते समुपदेशक ताईंनी सांगायच्या आधी बाटलीवरच्या नावाने सांगितलं. तेरा-चौदा वर्षांचं पोर, हातात मोबाइल, औषधाचं नाव टाकायचा अवकाश! रोज बिनतक्रार गोळी घेणाऱ्या मुलाने अचानक ती खिडकीतून फेकायला सुरुवात केली, की अनुभवी समुपदेशक पहिला प्रश्न हाच विचारतात: याला कुठून कळलं?

शाळेत कळण्याची सोय नव्हती. 2007 साली महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि सरकारने शाळांमधला तो कार्यक्रम बंद केला. देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित ज्या राज्यांत, त्यांपैकी एका राज्याने हे केलं. यावर अधिक लिहीत नाही, चिडचिड होते.

याच काळात केंद्रं उपनगरांकडे सरकत होती. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था 1998 पासून होतीच. हळूहळू मोठ्या रुग्णालयांपाठोपाठ उपनगरी रुग्णालयांतही एआरटी मिळू लागली. नियोजन करणाऱ्यांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजलं, आणि ते बरोबरच होतं; आजारी माणसाला विरार गाडीत लोंबकळत कोण पाठवील? पण औषधाने बरी राहिलेली तरुण पिढी अंतर माणसांत मोजते. रांगेत ओळखीचं कुणी भेटणार नाही, इतकं लांब. 1994 साली सुरू झालेल्या, सांताक्रूझला वाकोल्यात असलेल्या हमसफर ट्रस्टकडे समलिंगी मुलं दुरून येतात, त्यातही हा हिशेब असणारच. त्यांची झाकपाक दुहेरी. 2018 च्या सप्टेंबरची 6 तारीख त्यांच्या लक्षात आहे, त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 चा फास सोडवला. त्याच महिन्याच्या 10 तारखेला एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा लागू झाला, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला या कायद्याने बंदी आहे आणि संमतीशिवाय तपासणीलाही. आईवडील नसलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचं समजूतदार भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळेचा प्रवेश आणि बँकेचं खातं पाहू शकतं, असंही त्यात लिहिलंय. चाळीतल्या थोरल्या बहिणी हे काम कायद्याआधीपासून करत होत्या. आणि न्यायालयात नाव झाकण्याची सोयही आता कायद्यात आहे. एमएक्सची दोन अक्षरं अशी कलम झाली.

आज बहुतेकांना दिवसातून एकच गोळी. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर, तिन्ही एकीत. गाल बसत नाहीत, स्वप्नंही पूर्वीसारखी छळत नाहीत; काहींचं वजन मात्र वाढतं, आणि ‘बाळसं धरलंय’ म्हणून घरचे खूश होतात. अडचण आहे ती बाटलीची. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते. दहा बाय बाराच्या खोलीत, पाच माणसांत, रात्री नऊला तो आवाज कसा दडवायचा? कुणी आत कापूस कोंबतं, कुणी लेबल पाण्यात भिजवून खरवडतं, कुणी गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओततं. डॉक्टर बजावतात, मूळ बाटलीतच राहू द्या, आत ओल शोषणारी पुडी असते. जुलैत भिंतींना बुरशी धरणाऱ्या शहरात हा सल्ला शंभर टक्के खरा आहे. तरी कॅल्शियमची डबी जिंकते.

लांबच्या केंद्राची फटफजिती झाली ती 2020 मध्ये. 22 मार्चच्या रात्रीनंतर लोकल थांबली आणि घाटकोपर-बोरिवली हे अंतर एकाएकी खरं झालं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, जवळच्या कुठल्याही केंद्रातून गोळ्या घ्यायची मुभा दिली, तीन-तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम दिल्या. क्षेत्र कार्यकर्ते घरपोच निघाले. आता पार्सल कसलं, हे सोसायटीच्या गेटवर वॉचमनला काय सांगायचं? औषधं सहसा खंडली नाहीत, हे त्या कार्यकर्त्यांचं श्रेय, आणि ते कुठल्याच करोनायोद्ध्यांच्या यादीत ठळक झालं नाही. त्यानंतर 2022 च्या उन्हाळ-पावसाळ्यात देशात काही ठिकाणी गोळ्यांचा तुटवडा पडला तेव्हा दिल्लीत नाकोच्या दारात रुग्णांनी आठवडेच्या आठवडे धरणं धरलं. नाव आणि चेहरा उघडा ठेवून.

या सगळ्यात तरुणांच्या आयुष्याला खरी कलाटणी देणारी गोष्ट प्रयोगशाळेच्या कागदावर येते. नियमित गोळ्या घेऊन व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आता सिद्ध आहे. उपचार नीट चालू असलेल्या आईचं बाळ बहुतेक वेळा निगेटिव्ह जन्मतं. 2006 साली सहा वर्षांची असलेली, सिरपला तोंड वाकडं करणारी पोर आता चोविशी ओलांडून गेली आहे आणि तिच्यासमोरचा प्रश्न जगण्याचा उरलेला नाही. लग्नाच्या बोलण्यांत हे कधी सांगायचं, पहिल्या भेटीत की तिसऱ्या, हा तिचा प्रश्न आहे. त्यासाठी गोळी नाही.

तिच्यासमोर आणखी एक साधा प्रश्न आहे. एआरटी केंद्रं बहुधा कार्यालयीन वेळेतच उघडी असतात. तिने लांबचं केंद्र निवडलंय, म्हणजे जाण्यायेण्यात तीन तास आणि रांगेत दीड. रविवारी किंवा संध्याकाळी दोन तास उपनगरी केंद्रं चालवावीत, अशी माझी महापालिकेकडे आणि नियंत्रण संस्थेकडे मागणी आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या अंधेरीच्या ऑफिसात कुणी मुलगा किंवा मुलगी दर दोन-तीन महिन्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागत असेल, तर ती द्या आणि कारण विचारू नका.