निबंधाच्या वहीतून उद्योगाकडे

'मी कारखानदार झालो तर' असा विषय वर्गात दिला की मुले काय लिहितात? भव्य इमारत, शेकडो कामगार, दारात मोटार आणि शेवटी गोरगरिबांना दानधर्म! भाषा शुद्ध असते, गुणही मिळतात. परंतु माल कोणता, तो कोण घेणार आणि भांडवल किती, याचा त्यात पत्ता नसतो. वाचकहो, हा दोष मुलांचा नव्हे. नोकरी म्हणजे स्थैर्य आणि धंदा म्हणजे धोका, हे समीकरण ती आपल्याच घरात ऐकत आली आहेत. ते पारखून पाहण्यास निबंधासारखे स्वस्त साधन नाही; कारण कागदावरच्या व्यापारात कोणाचेही पैसे बुडत नाहीत.

बंगळुरूचेच उदाहरण घ्या. आज हे शहर संगणक-व्यवसायासाठी ओळखले जाते. तथापि तेथील जुन्या उद्योगांचा इतिहास मुलांना अधिक शिकवील. कारण त्यांच्या मुळाशी एखादी अडचण आढळते. पहिल्या महायुद्धात युरोपकडे जाणारे म्हैसूरचे चंदन अडून पडले. तेव्हा संस्थानाने 1916 साली बंगळुरूत चंदनतेल काढण्यास आरंभ केला आणि पुढे त्यातूनच प्रसिद्ध चंदनी साबण निघाला. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली. तेव्हा मावळ्ळी टिफिन रूम्स या उपाहारगृहाने रव्याची इडली करून पाहिली, असे तेथील मंडळी सांगतात.

याच शहरात 1946 साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली. या घराण्याच्या उद्योगाचा उगम मात्र बेळगावातील सायकलींच्या एका दुकानात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. नांगर करण्याइतकेच तो पटवून देणेही कठीण होते. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 साली तेथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. लेखणी आणि कारखाना एकाच वाडीत सुखाने नांदले!

मग शाळेतील निबंध कसा असावा? विद्यार्थ्याने प्रथम घराबाहेर पडावे. शिंपी, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्तीचे दुकान, यांपैकी एक व्यवसाय निवडावा आणि मालकाच्या सवडीने चार प्रश्न विचारावेत : गिऱ्हाइकाची कोणती गरज भागते? रोज खर्च किती? माल उरला तर काय होते? सर्वांत वाईट दिवस कोणता होता?

समजा, एखाद्या मुलीने फुलांचे दुकान निवडले. 200 रुपयांची फुले आणली, भाड्याला 30 रुपये लागले आणि सर्व फुले विकून 290 रुपये आले, तर 60 रुपये उरले. पण पाऊस पडला आणि निम्मीच फुले खपली, तर हाती केवळ 145 रुपये येतील, म्हणजे 85 रुपयांचा तोटा! फूल उद्यासाठी थांबत नाही. ही बेरीज-वजाबाकी मांडली, की 'धोका' या शब्दाचा अर्थ तिला नेमका कळतो. मग उरलेल्या फुलांचे काय करावे, गिऱ्हाईक आधी नोंदवता येईल काय, असे विचार तिला आपोआप सुचू लागतील. उद्योजकतेचा आरंभ तो हाच.

शिक्षकांना एक विनंती. 'हा धंदा चालणार नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्या निबंधासही पूर्ण गुण द्यावेत, मात्र हिशेब चोख हवा. आणि पालकहो, मुलाने वा मुलीने असा निबंध घरी आणला, तर तो जेवणानंतर सर्वांसमक्ष वाचावयास सांगा आणि आकड्यांवर प्रश्न विचारा. पुढे ती नोकरी करोत वा व्यवसाय. 'धंदा आपल्यासारख्यांचा नव्हे' असे मात्र तपासल्यावाचून म्हणणार नाहीत.