दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार

सकाळी साडेसहा. चहा होईपर्यंत घरचा संगणक चालू करते. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजच्या दुरुस्त्या सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी सकाळी मी त्या आधी माझ्याकडे घेते आणि मग गिऱ्हाइकांकडे निघते. कराडमध्ये संगणक देखभालीचं काम करते त्याला आता अठरा वर्षं झाली. 2017 सालच्या 14 मार्चला, अशाच एका दुसऱ्या मंगळवारी, विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती आली होती. 12 मेला वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस त्याच भोकातून जगभर पसरला. ज्या यंत्रांवर ती दुरुस्ती बसलेली होती, तिथे त्याला नेटवर्कमधून आत शिरता आलं नाही. हाताशी दोन महिने होते. तेव्हापासून ‘नंतर आठवण करा’ हे बटण मी कुणालाही दाबू देत नाही.

साडेनऊ. पतसंस्था. काउंटर उघडायच्या आत सगळे संगणक रीस्टार्ट करते, कारण अपडेट रात्रीत उतरलेलं असलं तरी रीस्टार्ट केल्याशिवाय ते पुरतं बसत नाही. इथे कोणाच्याच टेबलावर ॲडमिनचं खातं नाही. सुरुवातीला व्यवस्थापकांना ते लागलं होतं. “मॅडम, मी मॅनेजर, आणि मलाच साधं खातं?” मी माझा लॅपटॉप उघडून दाखवला. रोजचं काम मीही साध्या खात्यावरच करते. चुकून नको ते उघडलं गेलं, तरी सगळ्या यंत्राचा ताबा त्याला सहजी मिळत नाही.

सव्वाअकरा. छापखान्यातून सकाळपासून चार फोन येऊन गेले होते. मालक दारातच उभे.

“ताई, अँटिव्हायरस आहे की! जानेवारीतच पैसे भरून घेतलाय.”

खरंच होता. उजव्या कोपऱ्यात त्याचं चिन्हही दिसत होतं. पण फोल्डर उघडला तर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांच्या अहवालांची पानं, सगळ्यांच्या नावापुढे तीच चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये डॉलरमध्ये खंडणी मागणारी एक चिठ्ठी. मी अँटिव्हायरसची नोंदवही उघडली. काल रात्री 8 वाजून 42 मिनिटांनी संरक्षण बंद केलेलं. बाहेरच्या कोणी नाही, याच खोलीतून.

डीटीपी करणारा पोरगा मान खाली घालून उभा होता. लग्नसराई, डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मुदत संपलेली, मालक म्हणाले, क्रॅक टाक. व्हिडिओत सांगितलं होतं की आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगीचच व्हायरस दाखवतो. त्याआधी अँटिव्हायरसने दोनदा लाल खिडकी दाखवून अडवलं होतं, तेही नोंदवहीत आहे. त्या पोराला मी बोल लावला नाही. फुकटचं सॉफ्टवेअर हा या धंद्याचा जुना रिवाज आहे आणि तो त्याने पाडलेला नाही.

“बॅकअप आहे ना पण,” मालक म्हणाले आणि यंत्रामागे बोट दाखवलं. काळी हार्ड डिस्क, गेल्या दिवाळीपासून तिची वायर तशीच खोचलेली. तिच्यातल्या फायलींनाही तीच चार अक्षरं. खंडणीच्या व्हायरसला जोडलेली प्रत्येक डिस्क आपलीच वाटते.

मी स्वतः अँटिव्हायरस विकते आणि तो हवाच, असंच सांगते. पण मुख्यतः पाहिलेला चोर किंवा चोरासारखं वागणाराच त्याला ओळखता येतो, आणि घरमालकानेच त्याला झोपायला सांगितलं तर तो झोपतो.

अडीच. सीए ऑफिसात नवीन मुलगी रुजू झाली आहे. तिच्या यंत्रावर फायलींची पूर्ण नावं दिसतील असं सेटिंग करून दिलं. विंडोज मुळातच नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. तिला दोन मिनिटांत कळलं.

पाच. शाळेतल्या सरांचा फोन. “अगं, पुतण्याने व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवलीये, उघडत नाही. इन्स्टॉल कर म्हणतंय.”

“सर, हात लावू नका. शेवटी एपीके लिहिलंय का?”

“हो.”

“पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते. ॲप म्हणून येत नाही. ते ॲप तुमचे मेसेज वाचून ओटीपी पळवू शकतं. पुतण्याला साधा फोन करून विचारा.”

पुतण्याने काहीच पाठवलं नव्हतं. त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात होता. सरांना 1930 हा सायबर गुन्ह्यांचा नंबर वहीत लिहून घ्यायला सांगितला. पैसे गेले तर पहिल्या तासातच लावायचा.

रात्री साडेनऊ. माझी डिस्क कपाटातून काढली, दिवसाचं काम तिच्यात उतरवलं, वायर काढली आणि डिस्क परत कपाटात ठेवली. दुसरी डिस्क बहिणीकडे असते. छापखान्यात संध्याकाळपर्यंत हाती लागलं ते एवढंच: टेबलाच्या खणात सुटा पडलेला एक पेनड्राइव्ह, त्यात गेल्या वर्षीच्या काही पत्रिका. बाकी सगळं पुन्हा टाइप करावं लागणार आहे.

तुमची बॅकअपची डिस्क आत्ता संगणकाला जोडलेली असेल, तर ती काढा आणि कपाटात ठेवा.