शनिवार तेली आणि दहावा माणूस

कोकणात तेलाचे घाणे चालविणारे मराठीभाषक बेने इस्राएल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात उभारले.

शुक्रवारी सूर्यास्ताबरोबर शब्बाथ सुरू होतो. काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वचन म्हटले जाते. सोमवारी, गुरुवारी व शनिवारी तोराचे वाचन होते. नवसपूर्तीला पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा वाटतात.

परंतु परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष हवेत. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि अनेक ठिकाणी दहावा माणूस मिळणे दुर्घट झाले. एका दिवसाचा नफा सोडून राखलेले व्रत अखेर माणसांच्या उपस्थितीनेच टिकते. व्यापारी घरांनी हे ध्यानी ठेवावे.