हिरवळ: पिवळेपणाचं कारण आणि पाण्याचा हिशेब

तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला हिरवळीवर बोलायला बोलावलंत, यातच आयोजकांचं धाडस दिसतं. (हशा) पण आज मी सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि आमच्या सोसायटीच्या अंगणातलं जास्त आहे. अंगण साधारण २०० चौरस मीटरचं. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ते पिवळं पडलं. पाण्याला टँकर मागवावे लागत होते, देखभालीची वर्गणी वाढली होती. सभेत ठराव आला की गवत उपटा आणि प्लॅस्टिकची हिरवळ अंथरा. मी एक वर्ष मागून घेतलं.

पहिली चूक माझीच. गवत पिवळं, म्हणजे खत कमी, असं मी ठरवलं आणि भर उन्हात मुठीमुठीनं युरिया फेकला. चार दिवसांत जागोजाग जळके डाग उठले. न्यायशास्त्रात अशा चुकीला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करता येतं, कारण अग्नीवाचून धूर नाही. पिवळेपणाचं तसं नाही. पाणी कमी पडलं तरी गवत पिवळं, साचलं तरी पिवळं. सावली वाढली तरी, कापायच्या यंत्राचं पातं बोथट झालं तरी, मुळं हुमणीनं खाल्ली तरी पिवळंच. खूण एक, कारणं पाच. म्हणून खिशात हात घालण्याआधी खाली बसायचं आणि बघायचं. शेंडे फाटलेले दिसले तर दोष पात्याचा. गवत सतरंजीसारखं सहज उचललं गेलं तर खाली हुमणी शोधा. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, गवत पुन्हा उभं राहिलं नाही, तर त्याला पाणी हवंय. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

आता पाणी. सगळा खर्च खरं तर इथेच असतो. हिशेब सोपा आहे: १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. आमचे माळीमामा रोज दुपारी चारला पाइप धरून उभे राहत. रोजचे सुमारे १,५०० लिटर, म्हणजे आठवड्याला १०,५००. तरीही जमिनीत सुरी खुपसून पाहिली तर ओल जेमतेम दोन बोटं. मुळं ओलीच्या मागे जातात. ओल वर, तर मुळंही वर. मग एक दिवस पाणी चुकलं की गवत मान टाकतं. आम्ही आठवड्यातून दोनदाच पाणी सुरू केलं, पहाटे, प्रत्येक वेळी १५ मिलिमीटर. मोजायला रिकामे डबे ठेवले. आमची माती काळी, ती पाणी हळूहळू पिते. म्हणून अर्धं द्यायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेलं. हे झाले ६,००० लिटर. दोन आठवड्यांत जवळजवळ १०,००० लिटरचा एक टँकर वाचला की!

कापणीचा नियम एका वाक्यात सांगतो. एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. गवत ६ सेंटिमीटर झालं की ४ वर आणायचं. पान हे गवताचं स्वयंपाकघर. ते सगळंच काढून घेतलं तर मुळांनी खायचं काय? पात्याला वेळेवर धार लावून घ्या. कापलेले बारीक तुकडे पोत्यात भरून फेकू नका. पातळ पसरले तर ते तिथेच कुजतात आणि नत्र परत जमिनीला मिळतं. ढीग साचला तर मात्र उचला, नाहीतर खालचं गवत गुदमरतं.

युरिया वाईट नाही, माझी मूठ वाईट होती. (हशा) १०० चौरस मीटरला १ किलो, कोरड्या वाळूत मिसळून, पानं कोरडी असताना सारखा पसरायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं. गवत वाढीला लागतं तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात. त्याआधी दाबल्या गेलेल्या जमिनीत काट्यानं भोकं पाडावीत आणि वर चाळलेल्या शेणखताचा इतका पातळ थर द्यावा की शेंडे दिसत राहतील.

आणि गवत कुठलं? आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकरी जिला काढून काढून थकतो तीही हीच. विकत कशाला घ्यायची? पायवाटेवर पसरलेले धावते फुटवे काढले, दोन-तीन पेरांचे तुकडे केले आणि पावसाच्या सुरुवातीला मोकळ्या जागी १० सेंटिमीटरवर लावले. डाग भरून आले. फक्त आंब्याखाली ती येईना. हरळीला ऊन लागतं. तिथे आम्ही हट्ट सोडला, वाळक्या पानांचं आच्छादन केलं आणि दोन बाकं ठेवली.

वर्षानं पुन्हा सभा झाली. एप्रिलच होता, गवत थोडं पिवळंच होतं. पण आता सगळ्यांना कळलं होतं की पिवळी हरळी म्हणजे मेलेली हरळी नव्हे. पाणी तुटलं की ती वरची पानं सोडते आणि जमिनीखालच्या खोडात जीव धरून राहते. टंचाईत दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी दिलं तरी तग धरते आणि पावसात उठते. मग प्रश्न उरला तो एवढाच, की बाराही महिने हिरवं दिसण्याचा हट्ट कोणाचा, गवताचा की आपला? एक आजी म्हणाल्या, "प्लॅस्टिक उन्हात तापतं हो, पोरं अनवाणी खेळणार कशी?" ठराव मागे घेतला गेला.

माळीमामांना आता रोज पाइप धरावा लागत नाही. त्या वेळात ते खुरपं घेऊन लव्हाळा काढतात, गाठीसकट.